स्टिकचा बाक किती घ्यावा?

बेळगावच्या एका आज्जींचे पत्र आले आहे. मुलगी आणि जावई मध्य प्रदेशात बालाघाटला असतात. जावई भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला आहेत. नातू तेरा वर्षांचा, उंची पाच फूट, शाळेच्या हॉकी संघात राइट हाफ खेळतो. पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड आहे आणि त्याला नवी स्टिक हवी आहे. साधी नको, ‘लो बो’ हवी. संघातल्या एका मुलाकडे तशी आहे. ती मागून घेऊन हा दोन दिवस खेळला, तेव्हा त्याचा एक फटका उडाला आणि आपल्याच गड्याच्या ओठाला लागला. तीन टाके पडले. वडील म्हणतात, जुनी स्टिक चांगली आहे. आई म्हणते, अज्जीला विचार. अज्जी लिहितात, ‘पेन्शनमधून पैसे पाठवायला माझी ना नाही. पण हे लो बो म्हणजे काय, ते आधी मला मराठीत नाहीतर कन्नडात सांगा.’

आज्जी, ‘बो’ म्हणजे धनुष्य. हॉकी स्टिकचा दांडा वरवर सरळ दिसतो, पण तो सरळ नसतो. सपाट बाजू खाली करून स्टिक टेबलावर ठेवली की मूठ आणि खालचे टोक टेबलाला टेकतात आणि मधल्या भागात टेबलापासून फट राहते. ही फट म्हणजे बो. मराठीत आपण बाक म्हणू, कन्नडात बागु आहेच. (चेंडूला मात्र दोन्ही भाषांत चेंडूच म्हणतात, ती सोय आहे.) हा बाक दांड्यावर जिथे सर्वात खोल असतो, ती जागा खालच्या टोकाच्या जितकी जवळ, तितकी स्टिक ‘लो बो’. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बाक किती खोल आणि बाक कुठे. दुकानदार बहुधा पहिलीच सांगतात. खेळाला दुसरी जास्त लागते.

आणखी एक घोटाळा आधीच मिटवू. स्टिकचा बाक म्हणून चित्रे शोधायला गेलात तर बर्फावरच्या हॉकीच्या काठ्या समोर येतील. त्यांचे रुंद पाते बाजूला वळलेले असते आणि डावखुऱ्यांची वेगळी, उजव्यांची वेगळी असते. आपल्या मैदानी हॉकीत तसे काही नाही. स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळायचा. गोल बाजू चेंडूला लागली तर फाऊल. डावखुऱ्या मुलालाही हीच स्टिक घ्यावी लागते. तेव्हा डावखुऱ्यांची वेगळी मागवून देतो असे कोणी म्हटले तर पुढच्या दुकानात जा.

आता हा बाक आला कुठून? जुन्या तुतीच्या लाकडी स्टिकचा दांडा जवळजवळ सरळच असे. सियालकोटचे कारागीर तुतीचे लाकूड वाफवून वाकवत, ते हेडसाठी. फाळणीनंतर त्यातले बरेच जण जालंधरला आले आणि हा धंदा तिथे आणि मेरठला वाढला. लाकूड असे की दांड्यात मोठा बाक द्यायला गेले तर त्याचे बळ जाते. पुढे फायबरग्लास, कार्बन आणि अरॅमिड यांचे थर साच्यात दाबून स्टिक होऊ लागली, तेव्हा हवा तसा बाक देता येऊ लागला. त्याच सुमारास खेळही बदलला होता. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. टर्फवर चेंडू उसळत नाही, गुळगुळीत सरकतो. म्हणून तो दांड्याच्या खोलगट भागात धरून, ओढत आणून फेकता येतो. हा ड्रॅग फ्लिक. पेनल्टी कॉर्नरवर त्याने गोलांचा पाऊस पडू लागला आणि कंपन्या बाक वाढवत सुटल्या. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाने २००० च्या दशकात मर्यादा २५ मिलिमीटरवर आणली. पुढे बाकाची सर्वात खोल जागा टोकापासून २०० मिलिमीटरच्या आत नसावी, असाही नियम आला. लो बो म्हणजे याच हद्दीवर बनवलेली स्टिक. बाक २४-२५ मिलिमीटर आणि जागा तळापासून २०० मिलिमीटरच्या आसपास.

ड्रॅग फ्लिक म्हटले की कन्नड घरांना कोडगूचे व्ही. आर. रघुनाथ आठवतील. २०१२ आणि २०१६ अशी दोन ऑलिम्पिक खेळलेला बचावपटू, पेनल्टी कॉर्नरला दणका देणारा. अलीकडे हरमनप्रीत सिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १० गोल केले आणि भारताने कांस्यपदक आणले. त्या संघात मध्य प्रदेशातल्या इटारसीचा विवेक सागर प्रसादही होता. तो मधल्या फळीत खेळतो, त्याचे काम वेगळे. नातवाने हरमनप्रीत पाहिला आणि तशी स्टिक मागितली असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्याने विवेकलाही पाहावे, कारण त्याची जागा त्याच्या जवळची आहे.

राइट हाफ दिवसभर करतो काय? समोरच्या लेफ्ट विंगरला अडवतो. स्टिक जमिनीवर आडवी टाकून चेंडू काढून घेतो. पुश करून आतल्या गड्याला देतो. फ्री हिट मारतो, लांब आणि जमिनीलगत. यातल्या कुठल्याही कामाला खाली आलेला खोल बाक मदत करत नाही, उलट दोन ठिकाणी नडतो. बाक खाली असला की फटक्याच्या क्षणी हेडचा चेहरा किंचित वर उघडतो आणि चेंडू उडतो. ज्याला सवय आहे तो मनगट आणि पायांची जागा थोडी बदलून ते सावरतो. तेरा वर्षांच्या मुलाला ही सवय दोन दिवसांत लागत नाही. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा टणक. ओठावर तीन टाक्यांवर भागले, हे नशीब म्हणायचे. शिवाय धोकादायक उंचीचा चेंडू दिसला की पंच शिटी मारतो, फ्री हिट समोरच्यांना मिळते. पेनल्टी कॉर्नरलाही गोलावर मारलेली पहिली हिट फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा वर गेली तर गोल धरत नाहीत. फ्लिक कितीही उंच चालते. नियमच असा आहे की लो बो ज्याच्या उपयोगाची, तो फ्लिक मारणारा संघात एखाद-दुसराच असतो.

दुसरे मैदान. टर्फवरच्या बाकाचा फायदा मुरमाच्या किंवा गवताच्या मैदानावर निम्माही मिळत नाही, कारण चेंडू उड्या मारतो, दांड्यात ठरत नाही. बालाघाटच्या मुलना स्टेडियमवर खेळायचे असो की बेळगावात शाळेच्या पटांगणावर, मुलगा रोज ज्या जमिनीवर सराव करतो तिच्यासाठी स्टिक घ्यायची. वर्षातून एकदा टर्फवर सामना होणार म्हणून टर्फची स्टिक घेणे म्हणजे एका लग्नासाठी वर्षभर शेरवानी घालून फिरण्यासारखे आहे.

मग घ्यावी कुठली? साध्या बाकाची. बाक २० मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वात खोल जागा तळापासून साधारण ३०० मिलिमीटरवर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीइतक्या अंतरावर. हिट जमिनीलगत राहते, पुश सरळ जातो, अडवताना स्टिक जमिनीला नीट टेकते. मधला बाक, म्हणजे २५० मिलिमीटरच्या आसपासचा, हा पुढचा टप्पा. चेंडू घेऊन पळणाऱ्या, गड्याच्या स्टिकवरून तो हलका उचलून नेणाऱ्या फॉरवर्डला आणि इनसाइडला तो मानवतो. दोन-तीन वर्षांनी नातवाचा खेळ त्या बाजूला वळला तर तेव्हा बघू. लो बो त्याहून पुढे, आणि तीही प्रशिक्षकाने ‘तू फ्लिक शिक’ असे म्हटल्यावर. ड्रॅग फ्लिकमध्ये मुलगा खाली वाकून, पाय फाकवून, कंबर पिळून चेंडू ओढतो. वाढत्या वयात त्या पिळाचा कंबरेवर आणि पाठीवर मोठा ताण येतो. ते शिकवायचे कधी, हे प्रशिक्षकाने ठरवायचे असते. स्टिकच्या जाहिरातीने नव्हे.

बाकाची चर्चा करता करता लोक हेड विसरतात. मधल्या फळीतल्या मुलाला मिडी हेड घ्यावे, वळवायला सोपे पडते. उलट्या हाताने जास्त खेळणाऱ्याला आणि आडवी स्टिक टाकून अडवणाऱ्याला मॅक्सी बरे वाटते, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा. लांबीचे सोपे आहे. सरळ उभे राहून स्टिक पायाशेजारी धरली की मूठ कंबरेच्या हाडापर्यंत यावी. पाच फुटी मुलाला साधारण ३५ ते ३६ इंच. ‘वाढता मुलगा आहे, मोठीच घेऊन ठेवू’ हे शाळेच्या पँटला चालते. स्टिक दोन इंच लांब झाली की मुलगा ताठ उभा राहून खेळतो आणि ती खोड मग वर्षानुवर्षे जात नाही.

कार्बनचेही असेच. कार्बन जास्त तशी स्टिक कडक, तशी किंमत वर. कडक स्टिक जोर वाढवते, पण येणारा चेंडू तिच्यावरून उसळून निघतो आणि झटका मनगटाला बसतो. चेंडू अडवायला शिकणाऱ्या मुलाला फायबरग्लास जास्त आणि कार्बन कमी अशी स्टिक द्यावी. ती स्वस्त असते, हा योगायोग आज्जींच्या पेन्शनच्या फायद्याचा आहे. उरलेल्या पैशांतून दातांचे गार्ड आणि नडग्यांचे पॅड घ्या. ओठाची गोष्ट वाचल्यावर मला तरी ते आधी आठवले.

बेळगाव आणि मध्य प्रदेश यांचे हॉकीचे नाते मात्र आज्जींनी नातवाला सांगावे. महूला जन्मलेले शंकर लक्ष्मण सैन्यात बँडच्या मुलांत भरती झाले आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिम्पिक ते भारताचे गोलरक्षक होते, त्यातली दोन सुवर्णपदके. १९६४ च्या टोकियोतल्या त्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. ते सगळे लाकडी स्टिकने खेळले, बाकाचे मिलिमीटर मोजायला त्या वेळी कोणाला सुचलेही नसेल. मी हे जुने ते सोने म्हणून सांगत नाही, आजच्या टर्फवर ती लाकडी स्टिक घेऊन उतरणारा मुलगा मागे पडेल. सांगायचे एवढेच की नातवाला आत्ता जे काम आहे, चेंडू थांबवणे, देणे आणि पुन्हा मागणे, ते त्याच स्टिकने झालेले आहे.

कोडगूच्या वाचकांना एक विचारायचे आहे. तुमच्याकडे १९९७ पासून घराण्याच्या नावाने संघ उतरतात, एकाच संघात बाप, लेक, सून, काका खेळतात. तिथे एका घरात चार-पाच स्टिक असणार. लहान मुलाला मोठ्यांची उतरती स्टिक देता की त्याच्या मापाची वेगळी घेता? अनुभव लिहून पाठवा, बालाघाटला कळवीन.

दुकानात जाताना मुलाच्या बाबांनी खिशात एक दहा रुपयांचे नाणे आणि दप्तरातली फूटपट्टी ठेवावी. स्टिक सपाट बाजू खाली करून काउंटरच्या काचेवर ठेवायची. फट जिथे सर्वात मोठी दिसते तिथे बोट ठेवून हेडच्या तळापासून अंतर मोजायचे. ते २० सेंटिमीटर भरले तर लो बो, २५ च्या आसपास तर मधला, ३० च्या जवळ तर साधा. वेष्टनावर काहीही छापलेले असो. मग त्या फटीत नाणे उभे धरायचे. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, ते उभे सरकून गेले तर बाक नियमाबाहेर आहे आणि सामन्याआधीच्या तपासणीत स्टिक बाजूला काढतील. त्या तपासणीत ५१ मिलिमीटरच्या कड्यातूनही स्टिक जावी लागते आणि वजन ७३७ ग्रॅमच्या वर चालत नाही. मुलांच्या स्टिक वजनाच्या मर्यादेजवळही जात नाहीत, पण कडे अडते ते मुठीवर दोन-तीन ग्रिप चढवल्यावर. तेव्हा जुनी ग्रिप काढूनच नवी गुंडाळा.

मुरमावर खेळायचे असल्याने हेडच्या तळाला पहिल्या दिवसापासून टेप लावा. फायबरचा थर एकदा खरवडला की ओल आत शिरते आणि मग चीर पडते. टेप नियमात बसतो, फक्त पृष्ठभाग गुळगुळीत राहिला पाहिजे. कडा सुटून लोंबायला लागली की सबंध काढून नवा लावायचा, वरून दुसरा चिकटवायचा नाही.