खाज सुटते, पण दिसत काहीच नाही

‘अंगभर खाज सुटते, पण कातडीवर पुरळ नाही, चट्टा नाही. काय करावे?’ असा प्रश्न या सदराकडे वरचेवर येतो. विचारणाऱ्या बहुतेक भगिनी असतात आणि बहुतेकींना घरातून एकच उत्तर मिळालेले असते : ‘पित्त झाले असेल, कोकम सरबत घे.’ कधी त्याने बरे वाटते, कधी खाज आपोआप थांबते. पण जी थांबत नाही, तिचे काय? ती घेऊन बाई रात्र रात्र जागते आणि दिवसा चारचौघांत खाजवायची लाज वाटते म्हणून गप्प बसते. आज तिच्यासाठी लिहीत आहे.

उर्दूत आपण जिला खारिश म्हणतो, तिची व्याख्या हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने 1660 साली केली : खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी नकोशी संवेदना. ती आजही वैद्यकात चालते. खाजवल्यावर बरे वाटते, कारण नखाने होणारी किंचित वेदना खाजेला तेवढ्यापुरते दाबते. पण त्याच नखांनी कातडी सोलते, दाह वाढतो आणि पुन्हा खाज सुटते. म्हणून खाजवत बसण्यापेक्षा कारण शोधावे. त्यासाठी चार प्रश्न स्वतःला विचारा.

घरात आणखी कोणाला खाजते का?

दोघा-तिघांना खाजत असेल आणि रात्री अंथरुणात जास्त खाजत असेल, तर खरजेचा संशय घ्या. खरजेचा किडा इतका बारीक असतो की साध्या डोळ्याला दिसत नाही. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, कंबर या त्याच्या आवडत्या जागा. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार-सहा आठवडेही लागतात. तोवर एका अंथरुणात झोपणारी मुले ती एकमेकांना देऊन बसलेली असतात. वर्गात बेचक्या खाजवणारे मूल दिसले की मी पालकांना बोलावते. तेव्हा अनेक आया मान खाली घालतात. खरूज ही अस्वच्छतेची शिक्षा नाही, ती रोज दोनदा न्हाणाऱ्यालाही होते.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे रात्री लावून सकाळी धुवायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्याला खाजत नाही त्यानेही घरातल्या सर्वांबरोबर एकाच रात्री लावायचे. दादीअम्मांना वगळले, तर महिन्याभरात सगळे पुन्हा तिथेच. तान्ह्या बाळाचे आणि गरोदर स्त्रीचे औषध मात्र डॉक्टरांना वेगळे विचारा. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवा. किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. त्यामुळे घाबरून पुन्हा पुन्हा मलम लावू नका.

आंघोळीनंतर वाढते का?

थंडीत कढत पाणी आणि भरपूर साबण यांनी कातडीवरचे तेल निघून जाते. पिंडऱ्या, हात, पाठ कोरडी पडते. वयस्कर माणसांच्या खाजेचे हेच सर्वांत मोठे कारण. पाणी कोमट घ्या, आंघोळ लवकर आटपा, साबण काख-जांघ-पायांपुरता ठेवा. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. कोरड्या ठक्क कातडीवर लावून तितका उपयोग नाही. रोज वुजू करणाऱ्यांनी इशानंतर झोपताना हातापायांना तेल लावण्याची सवय ठेवावी. आणि पायांच्या बोटांत पाणी पोचवतो तसेच ते नंतर टिपून कोरडेही करावे, नाहीतर तिथे चिखली होते.

काही नवीन लावले होते का?

खरी मेहंदी तपकिरी-लाल रंग देते. निकाह आणि ईदच्या हंगामात तासाभरात गडद काळी रंगणारी ‘काळी मेहंदी’ मिळते. तिच्यात बऱ्याचदा केसांच्या काळ्या रंगातले पीपीडी नावाचे रसायन असते. त्याची अॅलर्जी एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून कारण लक्षात येत नाही. एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढे केसांचा रंगही सोसत नाही. नकली दागिन्यांतले निकेल, नवा साबण, अत्तर यांचाही विचार करा. नवे औषध सुरू केल्यावर खाज आली असेल तर डॉक्टरांना सांगा, पण औषध परस्पर बंद करू नका.

आणि एक कळकळीची सूचना. आपण ज्याला दाद म्हणतो त्या नायट्यावर दुकानदाराकडून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते, चट्टे रुंदावतात आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाहीत. घरातल्या जुन्या ट्यूबवरचे नाव डॉक्टरांना दाखवा.

यातले काहीच नसेल तर?

मग दोष कातडीचा नसून आतला असू शकतो. लिव्हर, किडनी, थायरॉइड, मधुमेह, लोह कमी पडणे या सगळ्यांत पुरळ न येता खाज सुटू शकते. खाज सहा आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जा. रक्ताच्या साध्या तपासण्यांतून यातले बरेच कळते. वजन घटणे, बारीक ताप, रात्री घामाने भिजणे, डोळे किंवा लघवी पिवळी होणे यांपैकी काही असेल तर सहा आठवडे थांबूच नका.

गरोदर भगिनींसाठी हे वेगळे सांगते. पोट ताणल्याने थोडी खाज अनेकींना सुटते. पण शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना, रात्री जास्त, पुरळाशिवाय खाज सुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. यात लिव्हरमधला पित्तरस रक्तात साठत असू शकतो. म्हणजे दोष इथे खरोखर पित्ताचा, पण कोकम सरबताने जाणारा नव्हे. रक्तातल्या पित्ताम्लांची आणि लिव्हरची तपासणी करून घ्यावी लागते, कारण धोका पोटातल्या बाळाला असतो. सासूबाईंनी ‘आम्हालाही व्हायचे’ म्हटले, तरी तपासणी टाळू नका.

तसेच अंगावर गांधी उठून ओठ सुजले किंवा श्वास अडकू लागला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

तोवर आराम कसा मिळेल?

नखे कापा. खाजेल तिथे थंड ओले फडके ठेवा, कॅलामाइन लोशन लावा. सैल सुती कपडे घाला, पांघरूण हलके ठेवा. खाजेची सर्वसाधारण गोळी गांधींवर चांगली चालते, कोरड्या कातडीवर किंवा लिव्हरच्या खाजेवर फारशी नाही. काही गोळ्यांनी झोपही येते. म्हणून गोळी लागू पडली नाही, तर ‘हा मनाचा खेळ आहे’ असे कोणी म्हणू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा : कुठे खाजते, केव्हा, कशानंतर, घरात आणखी कोणाला आणि कोणती औषधे चालू आहेत. पाच मिनिटांच्या भेटीत ही वही फार उपयोगी पडते. आणि संकोच करू नका. खाजेची तक्रार सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.