गोत्र आडवे आले म्हणून

मध्यंतरी साताऱ्याहून मुद्दाम सांगलीला जाऊन ‘संगीत शारदा’चा हौशी मंडळींनी केलेला प्रयोग पाहिला. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्याच हरिपूरचे आणि नाटक १८९९ सालचे, तरीही थिएटर भरले होते. कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेल्या धनाढ्य, जख्ख भुजंगनाथाला आम्ही पोटभर हसलो. मध्यंतरात चहा घेताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, “आता असं काही राहिलं नाही हो!” मीही मान डोलावली.

या नाटकात प्रत्येकाजवळ आपापली सबब तयार आहे. बाप कांचनभट पैशाला भुलला आहे, भद्रेश्वर दीक्षिताला जुळवाजुळव करायची आहे आणि श्रीमंताला वाटते, मोल मोजले की झाले. वयातले अंतर तर आंधळ्यालाही दिसावे. पण लग्न मोडते ते त्या कारणाने नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून! ही देवलांनी काढलेली सोयीची पळवाट आहे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, माणूस तिथे त्यांनी अचूक पकडला आहे. मुलीच्या हालांनी जे प्रतिष्ठित विचलित होत नाहीत, ते गोत्र म्हटले की दचकतात.

(१९२९ च्या ‘शारदा कायद्या’चे नाव या नाटकावरून पडले, असे अनेकांना वाटते. ते हरविलास सारडा यांच्यावरून पडले. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरवले. १९७८ पासून ते १८ आहे.)

परतताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, आणि मला माझेच शेत आठवले. सातारा-सांगलीच्या उसाला बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते, एकट्या पोराचा अर्धाच कोयता. शिवाय सहा-सहा महिने गाव सोडायचे, तर वयात येणारी पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात.

एका हंगामात आमच्या फडात मोळ्या बांधणारी अशीच एक सून होती. माझ्या पत्नीने तिला वय विचारले. मुलीने तोंड उघडण्याआधीच सासू म्हणाली, “अठरा.” ती पंधराचीही दिसत नव्हती. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “त्यांच्यात लवकरच होतात लग्नं.” खरे कारण वेगळे होते. तोड महिनाभर लांबली होती, ऊस वाळत चालला होता आणि टोळी दुखावून चालणार नव्हते. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिच्याबाबतीत ‘आमच्यात’ काय चालते, हे मला कोणी विचारले असते तर मी भांडायला उठलो असतो.

दोष मुकादमाचा आहे, दुष्काळाचा आहे, सरकारचा आहे. यातले काहीच खोटे नाही. पण फड माझा होता. साखर कारखान्याच्या वार्षिक सभांना मी वर्षानुवर्षे बसतो. दरावर आणि सभासदांच्या साखरेवर तावातावाने बोलणे होते. तोडणीवाल्यांच्या सुनांची वये तिथे कोणी काढलेली मी ऐकली नाहीत. मीही काढली नाहीत. येत्या सभेसाठी हा प्रश्न लेखी देणार आहे. शेजारचे बागाईतदार म्हणाले, “कशाला? टोळ्या दुसरीकडे जातील.”