भंगारात घालायच्या आधी

परवा नाशिकहून मावशीचा फोन. "अरे, विंडोज संपलं म्हणे. दुकानवाला म्हणतो हा लॅपटॉप भंगारात द्या, नवीन घ्या. पंचेचाळीस हजार सांगतोय. घेऊ का?"

२०१६चा लॅपटॉप. आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. वापर काय, तर यूट्यूब, बँकेची साइट आणि भिशीचा हिशोब. त्याला काहीही झालेलं नाही! १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, मावशीचा सहाव्या पिढीचा. वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली होती, पण वर्षानंतर काय?

दुकानदाराचा मला राग नाही, त्याचा धंदा आहे. राग येतो आपल्या जमातीचा. दिवसभर ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर कमांडा मारायच्या आणि घरच्यांनी विचारलं की, "घेऊन टाक ना नवीन, ईएमआय आहे की." वर पुन्हा अक्कल पाजळायची, "लिनक्स सामान्य माणसाला झेपत नाही." शेवटचं कधी लावून बघितलं होतंस रे बाबा? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे, ते मावशीला झेपतंच ना?

आणि बघायला खर्च तरी किती? आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह, बहुतेक ड्रॉवरमध्ये पडलेलाच असेल. (आतलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.) लिनक्स मिंटची फाइल उतरवा, रुफस किंवा एचरने त्यावर चढवा, मशीन चालू करताना एफ१२, एफ९ नाहीतर एस्केप दाबा. बटण कंपनीप्रमाणे बदलतं. तुम्ही स्वतः 'इन्स्टॉल' म्हणत नाही तोवर हार्डडिस्कला धक्का लागत नाही. थोडं हळू चालेल, पण वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून होतात. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. उबुंटूवाले २०११पर्यंत फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, तेव्हा पोस्टमनची वाट तरी बघावी लागायची. आता कसली सबब?

हां, टॅली त्यावर थेट चालत नाही. म्हणून काकांच्या मशीनला मी हात लावला नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हे उद्योग करूच नका.

शनिवारी गेलो नाशिकला. वायफाय दिसेना. फोन यूएसबीने जोडून नेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर टाकला, वीस मिनिटं गेली. मावशीचा पहिला प्रश्न, "मराठी कुठंय?" इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच होता. मग मात्र तिनेच सांगितलं, लाव कायमचं. बॅकअप घेतला, लावलं. भिशीची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, फक्त एका रकान्याची रुंदी बिघडली होती. त्यावरून अर्धा तास ऐकून घेतलं, मग चहा मिळाला.