यजमान नामानिराळा

पाहुणचार हा विद्यालयात शिकवण्याचा विषय होऊ शकतो, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु तो पैसे घेऊन शिकवणारा देश स्वतः पाहुण्यांशी कसा वागतो, हे तपासलेच पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

कोलंबो योजनेखाली आशियाई विद्यार्थी तेथे शिष्यवृत्तीवर जात. १९७४ साली व्हिटलम सरकारने विद्यापीठांतील शुल्क रद्द केले. १९८५ साली हॉक सरकारने परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेण्याची मुभा दिली. दोन्ही सरकारे मजूर पक्षाचीच! साहाय्याचे रूपांतर निर्यात-व्यापारात झाले, तेही कामगारांच्या नावाने निवडून आलेल्यांच्या हातून.

पुढे कायम वास्तव्यासाठी मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत स्वयंपाक्याचा समावेश झाला आणि पाककला व आतिथ्य शिकवणाऱ्या खासगी संस्थांचे पीक आले. पात्रतेसाठी ९०० तासांच्या कामाचा दाखला लागे. त्यासाठी कित्येकांना उपाहारगृहांत बिनपगारी राबवण्यात आले. म्हणजे विद्यार्थ्याने शुल्कही द्यावे आणि श्रमही फुकट द्यावेत! २००९ साली हल्ल्यांच्या निषेधार्थ भारतीय विद्यार्थी मेलबर्नच्या रस्त्यावर उतरले. १ जुलै २०१० पासून लागू झालेल्या नव्या यादीत स्वयंपाकी नव्हता. शुल्क जमा झाले होते. वचन तेवढे मागे घेतले गेले.

यावर काही पंडित म्हणतात, विद्यार्थ्यांना शिक्षण नव्हे, वास्तव्यच हवे होते. मग फसवणूक कसली? हा युक्तिवाद लबाडीचा आहे. वास्तव्याचे आमिष सरकारच्या यादीनेच दाखवले होते. त्या आमिषावर संस्थांनी शुल्क, मालकांनी श्रम आणि आपल्याकडील दलालांनी दलाली कमावली. दोषी ठरला तो मात्र शेत गहाण टाकून आलेला मुलगा.

भाषेचीही तीच गत. भाषांतरकार आणि दुभाषी यांची पात्रता ठरवणारी राष्ट्रीय यंत्रणा तेथे १९७७ साली उभी राहिली. रुग्णालयात वा न्यायालयात इंग्रजी न जाणणाऱ्या स्थलांतरितावर अन्याय होऊ नये, ही तिची खरी गरज. आज त्याच यंत्रणेची एक परीक्षा मराठीतही देता येते. उत्तीर्ण झाल्यास वास्तव्याच्या अर्जात पाच गुण वाढतात. मातृभाषेचे मोल पाच गुण! त्या भाषेत कोणाचे दुःख कोणापर्यंत पोहोचले, हे कोणी विचारीत नाही.

परदेशी शिक्षणावर बंदी घाला, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. मागणी एवढीच की, शिकणारा राबत असेल तर त्याला कामगार मानावे, पूर्ण वेतन द्यावे आणि तेथील संघटनांनी त्याला सभासद करून घ्यावे. प्रवेशाच्या दिवशी लागू असलेले नियम शिक्षण पूर्ण होईपर्यंत बदलू नयेत. भारत सरकारनेही दलालांच्या व्यवहाराची जबाबदारी टाळू नये. पाहुण्याच्या ताटातले काढून घेणाऱ्याला आतिथ्य शिकवण्याचा अधिकार नाही.