आठव्या वर्षी रुग्णाला बोलावणं धाडा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



माझ्या धाकट्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार, आहे. शौचावाटे रक्त आणि आव पडायची, ती मूळव्याध समजून तिने बराच काळ अंगावर काढली. निदान झाल्यावर गोळ्यांनी गुण आला. पुढे केव्हा, काय तपासायचं, हे मात्र तिच्या डिस्चार्ज कार्डावर कुणी लिहिलं नाही.

मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की कॅन्सरचा धोका वाढतो. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात मोठं आतडं बाधित असेल, तर त्या रुग्णांनाही तो असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कोलायटिसच्या रुग्णांमध्ये हा धोका १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८ आणि ३० वर्षांनी १८ टक्के दिसला होता. नंतरच्या अभ्यासांत आकडे बरेच खाली आले, पण धोका संपलेला नाही. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठव्या वर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, आणि पुढे धोका पाहून दर १ ते ५ वर्षांनी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. वर्षं मोजायची ती लक्षणांपासून, निदानापासून नव्हे. बहिणीची निदानाआधीची सगळी वर्षं त्यात धरायला हवीत.

या आजारात कॅन्सरपूर्व बदल पुष्कळदा सपाट असतात, सहज नजरेत भरत नाहीत. कोलोनोस्कोपी करताना आतड्याच्या अस्तरावर निळा रंग फवारला की त्यांच्या कडा उठून दिसतात. शौचातलं रक्त शोधणाऱ्या स्वस्त चाचणीवर इथे विसंबता येत नाही, कारण सुजलेल्या आतड्यातून तसंही रक्त जातं. शिवाय तपासणी शक्यतो आजार शांत असताना करायची असते. बरं वाटत असताना कामाचा खाडा करून, पोट साफ करणारं ते लिटरभर औषध प्यायला कोण आपणहून येईल? रुग्णाला बोलवावंच लागेल.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. मी सरसकट सगळ्यांची तपासणी मागत नाही. या आजाराच्या ज्या रुग्णांची नावं केसपेपरवर आधीच आहेत, त्यांच्यापुरतंच मागते. टीबीच्या रुग्णाची नोंद 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर होते, तशी यांची व्हावी: त्रास कधी सुरू झाला, आतड्याचा किती भाग बाधित आहे, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, पुढची तारीख कोणती. तारीख जवळ आली की मराठीत फोन जावा आणि तपासणीचा खर्च रुग्णावर पडू नये.

निदान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही नोंदवही याच वर्षी सुरू करा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका रुग्णाची बहीण