उत्तर चुकलं, पण वाट बरोबर!

मुलांनो, तपासलेला पेपर हातात आला की आधी काय पाहता? खरं सांगा हं! कोपऱ्यातला लाल आकडा. उत्तर बरोबर तर मार्क, चूक तर भोपळा. पण एखाद्याने विचार अगदी नीट केला आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरला, तर? त्या विचाराला काहीच किंमत नाही?

आहे! 'पिसा' नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. २०१२ साली तिच्यात समस्या सोडवण्याची एक वेगळी चाचणी झाली. ४४ देश-प्रदेशांतल्या मुलांनी ती संगणकावर दिली.

त्यातला एक प्रश्न मोठा गमतीचा होता. पडद्यावर नवा एसी. माहितीपुस्तिका नाही. मागेपुढे सरकणारी तीन बटणं, पण कुठलं कशाचं, ते लिहिलेलंच नाही! कोणत्या बटणाने खोलीतलं तापमान बदलतं आणि कोणत्या बटणाने हवेचा दमटपणा, हे स्वतः शोधायचं आणि आकृतीत रेघा जोडून दाखवायचं.

तुम्ही काय केलं असतं? तिन्ही बटणं एकदम सरकवली, तर तापमान बदलेलही, पण कुणामुळे? कळायला मार्ग नाही. म्हणून एका वेळी एकच बटण हलवायचं, बाकीची दोन जागच्या जागी. संगणक मुलांच्या हालचाली टिपत होता. ज्याने असं एकेक बटण तपासलं, पण शेवटी आकृती चुकवली, त्यालाही थोडे गुण ठेवलेले होते. शोधण्याची रीत बरोबर होती ना, तिचे ते गुण!

आपल्या वर्गात बाईंना तुमच्या डोक्यात डोकावता येत नाही. त्यांना दिसते फक्त वही. म्हणून कच्चं काम खोडून टाकू नका. काय करून पाहिलं, कुठे अडलं, मग काय बदललं, ते लिहा. चूक नेमकी कुठे झाली हे सापडलं, की तेवढीच सुधारता येते. सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून घोकावं लागत नाही.

आणि आई-बाबा, तुमच्यासाठीही एक गृहपाठ. पुढचा पेपर घरी येईल, तेव्हा "किती मिळाले?" हे थोडं मागाहून विचारा. आधी विचारा, "हे कसं सोडवलंस रे?" आणि मग उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. जमेल?