थाट निराळा, राग निराळा

गेल्या चैत्रांत आम्ही कांहीं दिवस पाटणास आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं होतों. त्या घरांत अजून तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि दिवेलागणीनंतर परवचा झाली कीं मुलांनीं कांहींतरी गाऊन दाखवावें असा तेथें प्रघात आहे. एके दिवशीं आमची बारा वर्षांची पुतणी पेटी घेऊन बसली आणि तिनें भूप म्हटला. हा राग तिला मागल्या सुटींत आम्हींच पुस्तकावरून शिकविला होता. मध्यम व निषाद वर्ज्य, उरलेले पांचहि स्वर शुद्ध, एवढें सांगून आम्ही मोकळे झालों होतों. मुलीचा गळा गोड, सूर स्वच्छ. आम्ही मोठ्या समाधानानें मान डोलवीत होतों, तोंच ओसरीवर वाती वळीत बसलेल्या आमच्या काकू म्हणाल्या, "बाळ, गोड म्हटलेंस हो, पण हा भूप नव्हे, देसकार झाला. दिवे लागले असतां सकाळ कशाला आणलीस?"

मुलगी गोरीमोरी झाली. तिनें वही आणून दाखविली. सा, रे, ग, प, ध हेच स्वर तींत लिहिलेले होते. बंधु म्हणाले, "स्वर जर तेच आहेत, तर चुकलें काय?" वहिनींना येऊं घातलेल्या परीक्षेची चिंता लागली. घरांत दोन पक्ष झाले, आणि पुतणीनें पेटी झांकून ठेवली ती दोन दिवस उघडली नाहीं. अपराध तिचा नव्हता, आमचा होता. आम्हीं तिच्या हातीं पांच स्वर दिले आणि राग दिला असें मानलें. असें पुष्कळ घरांतून घडत असेल, म्हणून या वेळीं याच विषयाचा विचार करावयाचें योजिलें आहे.

थाट हा शब्द वाचकांच्या कानांवरून गेलेला असतोच. सतारीचे पडदे सरकवून स्वरांची जी मांडणी करावयाची, तिला वाजविणारे थाट म्हणत आले आहेत. ज्या सतारीचे पडदे रागाप्रमाणें सरकवावे लागतात, ती चल थाटाची. आमच्या शेजारच्या मिरजेंत सतारी व तंबोरे करणाऱ्यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि 2024 सालीं तेथील या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु पडदे जागच्या जागीं बसविले म्हणजे गाणें झालें, असें तेथील कोणताहि कारागीर म्हणणार नाहीं. कोठीतून शिधा काढून दिला म्हणजे पंगत उठत नाहीं, तसेंच हें आहे. विलायती संगीतांत ज्यास स्केल म्हणतात, तीहि अशीच एक स्वरांची ओळ होय. त्यांचें मेजर स्केल आणि आपला बिलावल थाट यांचे स्वर जवळजवळ सारखे आहेत.

दक्षिणेंत व्यंकटमखी या पंडितानें सतराव्या शतकांत गणितानें बहात्तर मेळ सिद्ध केले. हिंदुस्थानी संगीतासाठीं पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनीं दहा थाट पुरेसे मानले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी. थाटांत सातहि स्वर क्रमानें असले पाहिजेत. त्यास आरोह-अवरोहाचा भेद नाहीं. आणि तो रंजक असण्याची अट नाहीं, कारण तो गावयाचाच नसतो. रागाचें याच्या अगदीं उलट. त्यांत स्वर पांचहि चालतात. चढतांना एक वाट आणि उतरतांना दुसरी असूं शकते. कोणत्या स्वरावर विसावावें आणि कोणास नुसता स्पर्श करून पुढें जावें याचे नियम असतात. आणि रंजन हा तर त्याचा प्राणच होय.

आतां भूप आणि देसकार घेऊं. दोहोंचे स्वर पांच, आणि तेच पांच. परंतु भूपाचा वादी गंधार आणि संवादी धैवत. त्याचा जीव सप्तकाच्या पूर्वार्धांत रमतो. गंधारावर येऊन तो शांतपणें टेकतो, षड्जावरून मंद्र धैवतास भेटून परत येतो. देसकाराचा वादी धैवत आणि संवादी गंधार. तो उत्तरांगांत, तार षड्जाच्या आसपास वावरतो. धैवतावरून पंचमावर येतो, आणि ऋषभावर फारसा रेंगाळत नाहीं. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. आमच्या पुतणीनें प्रत्येक तान धैवतावर नेऊन ठेवली होती; तिला वाईट दिसेल असें त्यांत कांहींच नव्हतें, पण भूप तेथून उठून गेला होता.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, भातखंडे यांनीं भूपास कल्याण थाटांत घातलें आणि देसकारास बिलावल थाटांत. या दोन थाटांत भेद काय तो मध्यमाचा. कल्याणाचा तीव्र, बिलावलाचा शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यम मुळींच नाहीं! मग नुसत्या स्वरांवरून हा निवाडा व्हावा कसा? तो रागाच्या चालीवरूनच झाला. म्हणजे थाटावरून राग ओळखला गेला नाहीं. रागाच्या स्वभावावरून त्यास थाटाचें घर मिळालें. मारवा, पूरिया व सोहनी या तिघांचेहि तसेंच. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि पंचमाचा अभाव तिघांतहि सारखा. पण मारवा ऋषभ-धैवतांवर उभा राहून सूर्यास्ताची हुरहूर लावतो, पूरिया मंद्रांत गंभीर होऊन बसतो, आणि सोहनी उत्तररात्रीं तार सप्तकांत झळकते.

कोणी म्हणेल, स्वर अधिक बारकाईनें मोजले म्हणजे हा भेद सांपडेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें मोजमाप करून 1910 सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. तें काम मोलाचें खरें. परंतु त्यासाठीं त्यांना अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गवयाचा गळा लागलाच. मापणी गाण्याच्या मागून गेली, पुढें नव्हे.

तिसऱ्या दिवशीं काकूंनींच पुतणीस जवळ घेतलें. पेटी त्यांनीं बाजूस ठेवविली व नुसता तंबोरा लावावयास सांगितला. मुलीनें धीर करून विचारलें, "आजी, तुम्ही पहाटे भूपाळी म्हणतां, तिचेहि स्वर भूपाचेच ना? मग तेव्हां सकाळ नसते का?" प्रश्न बिनतोड होता. काकू हंसून म्हणाल्या, "पहाटे म्हटली म्हणून माझ्या भूपाळीचा देसकार होत नाहीं ग. वेळ हा रागाचा मान आहे, त्याचें रूप नव्हे. कोयना नि कृष्णा दोघी महाबळेश्वरींच उगम पावतात. पण आपली कोयना दक्षिणेस जाते, हेळवाकाशीं वळण घेते, पाटणावरून वाहते आणि मग कऱ्हाडास कृष्णेला मिळते. उगम एक म्हणून कोणी कोयनेला कृष्णा म्हणतें का? ज्या वाटेनें जाते, ती नदी." एवढें बोलून त्यांनीं गंधारावर एक लांब सूर धरला आणि मुलीस तोच धरावयास सांगितलें. त्या संध्याकाळीं दोघींनीं चार स्वरसमूहांपलीकडे कांहीं म्हटलें नाहीं; परंतु पेटीचा राग मुलीच्या मनांतून गेला आणि भूपाचा आंत आला.

पुस्तकांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. भातखंडे यांनीं शेंकडों चिजा लिहून ठेवल्या नसत्या, तर त्यांपैकीं किती आज हातीं उरत्या? दहा थाटांचीं नांवेंहि मुलांनीं अवश्य पाठ करावीं. कपाटांत खण असले म्हणजे वस्तु सांपडते. आमची विनंति एवढीच कीं, खण म्हणजे वस्तु असें मुलांस शिकवूं नये. नवा राग आधीं चांगल्या गवयाच्या तोंडून पुष्कळ वेळां कानीं पडूं द्यावा, मग त्याचे स्वर विचारावे. आणि ज्या रागांचे स्वर सारखे, ते जोडीनें ऐकवावे. आतां तर भ्रमणध्वनीवरहि तंबोरा वाजतो आणि मोठमोठ्या गवयांचें गाणें घरबसल्या मिळतें. तेव्हां ऐकावयास साधन नाहीं ही सबब उरलेली नाहीं. आणि घरांत जर एखाद्या काकू किंवा आजी वाती वळीत ऐकत बसल्या असतील, तर परीक्षकाच्या आधीं त्यांस विचारावें. पाटणास आम्हांस मिळालेला धडा हाच.